थायरॉईडची गोळी चालू ठेवा, व्हिटॅमिन ए ची कॅप्सूल आजच थांबवा

पत्राचा सारांश : कोथरूडला राहणाऱ्या ३३ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. नोकरी आयटीतली, मुलगा पाच वर्षांचा. दीड वर्षापूर्वी टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉईड मंद झाला की ते वाढतं) ८.६ आला आणि ५० मायक्रोग्रॅमची थायरॉईडची गोळी सुरू झाली. गोळी घेऊनही पुढच्या तपासणीत तो ५.९ होता. थकवा जाईना, केसही गळतच होते. चार महिन्यांपूर्वी जाऊबाईंच्या आग्रहामुळे त्यांनी 'थायरॉईड मुळापासून बरा करा' अशा एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं. तेव्हापासून रोज २५,००० युनिटची व्हिटॅमिन ए ची कॅप्सूल, केसांसाठी गमीज (जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या), सकाळी ग्लासभर गाजराचा रस, साध्या मिठाऐवजी सैंधव, आणि उठल्याउठल्या घेतला जाणारा चहा बंद. ताज्या रिपोर्टमध्ये टीएसएच १.१ आहे, फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉईड हार्मोन, मर्यादेच्या किंचित वर. तळहात मात्र पिवळट दिसू लागलेत. वर्गातले मार्गदर्शक म्हणतात, आता गोळी सोडायला हरकत नाही. यजमान म्हणतात, हे सगळे प्रयोग बंद कर. "अंगणवाडीत लहान मुलांना दोन लाख युनिटचा डोस देतात, मग मला पंचवीस हजारांनी काय होणार? आणि आयुष्यभर गोळीच घेत राहायची का?" असं त्या विचारतात. दुसऱ्या बाळाचा विचार चालू असल्याचंही त्यांनी जाता जाता लिहिलंय.

नमस्कार,

आधी उत्तर देते, कारणं मग. गोळी बंद करू नका. कॅप्सूल बंद करा, आणि हातातली बाटली संपेपर्यंत थांबू नका.

दुसऱ्या बाळाबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. तयार स्वरूपातलं व्हिटॅमिन ए, म्हणजे रेटिनॉल, फार झालं तर गर्भाच्या घडणीत दोष येऊ शकतात. हा धोका पहिल्या काही आठवड्यांतच सगळ्यात जास्त असतो. पाळी चुकली, किट आणलं, दोन रेघा दिसल्या, तोवर त्यातले बरेच दिवस निघून गेलेले असतात. म्हणूनच ज्यांना दिवस राहण्याची शक्यता आहे त्यांनी रोज १०,००० युनिटच्या वर रेटिनॉल घेऊ नये असं सांगतात. तुमची कॅप्सूल त्याच्या अडीचपट आहे. शिवाय हे जीवनसत्त्व यकृतात साठून राहतं, त्यामुळे कॅप्सूल सोडली की दुसऱ्या दिवशी हिशेब शून्यावर येतो असं होत नाही. बाळासाठी प्रयत्न सुरू करण्याआधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना डोस आणि कालावधी दोन्ही सांगा आणि किती थांबायचं ते त्यांनाच ठरवू द्या. तोवर दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्या.

आता अंगणवाडीचा मुद्दा. प्रश्न चांगला आहे, कारण आकडा खरा आहे. नऊ महिन्यांच्या बाळाला एक लाख युनिट, नंतर पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. असे नऊ डोस, एकूण सतरा लाख. कुपोषणामुळे येणारं अंधत्व टाळण्यासाठी १९७० पासून आपल्याकडे हा कार्यक्रम चालू आहे. पण तो डोस सहा महिन्यांतून एकदा असतो. तुमचं २५,००० रोज आहे. चार महिन्यांचे १२० दिवस धरले तर ३० लाख झाले. एका मुलाला पाच वर्षांत मिळतं त्याच्या जवळजवळ दुप्पट तुम्ही एका पावसाळ्यात घेतलंत. तुमचं वजन मुलापेक्षा जास्त, हे मान्य. पण त्या मुलांच्या यकृतात साठा नसण्याचा धोका असतो म्हणून त्यांना तो डोस देतात. तुमच्या यकृतात साठा नाही, असं कुणी तपासलं होतं का?

दुसऱ्या मापाने बघू. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला ८४० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए लागतं आणि वरची मर्यादा ३,००० ची आहे. २५,००० युनिट म्हणजे ७,५०० मायक्रोग्रॅम. बाटलीवर 'युनिट' आणि तक्त्यात 'मायक्रोग्रॅम' असल्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. युनिटच्या आकड्याला ०.३ ने गुणलं की रेटिनॉलचे मायक्रोग्रॅम मिळतात. घरात कुठलीही बाटली असेल तर एकदा गुणून बघा.

तुमच्या वर्गातलं सगळंच खोटं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. व्हिटॅमिन ए आणि थायरॉईड यांचं नातं खरं आहे, आणि मला ते फार रंजक वाटतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच बनवते. तो किती बनवायचा हे ठरवण्यात थायरॉईडच्या हार्मोनइतका नसला तरी व्हिटॅमिन ए चाही वाटा असतो. ते कमी पडलं तर पिट्युटरीवरचा लगाम सुटतो आणि टीएसएच वाढतो. पेशीच्या आत थायरॉईड हार्मोन ज्या रिसेप्टरला जाऊन बसतं त्याची जोडी व्हिटॅमिन ए च्या कुटुंबातल्या रिसेप्टरशी जमते, तेव्हाच काम नीट चालतं. रक्तातही दोघं एका शेअर रिक्षात बसल्यासारखी फिरतात : ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन टी४ वाहून नेतं आणि रेटिनॉलला धरून ठेवणारं प्रथिनही त्यालाच चिकटलेलं असतं.

हे फक्त प्रयोगशाळेत दिसलं असंही नाही. मोरोक्कोमध्ये आयोडीन आणि व्हिटॅमिन ए दोन्ही कमी असलेल्या मुलांवर एक अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या मुलांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, त्यातल्या काहींना जोडीला पाच महिन्यांच्या अंतराने व्हिटॅमिन ए चे दोन मोठे डोस. दहा महिन्यांनी, ज्यांना दोन्ही मिळालं त्यांचा टीएसएच जास्त उतरला होता आणि गलगंडाचं प्रमाणही कमी झालं होतं. म्हणजे जिथे खड्डा होता तिथे भर घातली आणि उपयोग झाला. तुमच्या ताटात दूध आहे, तूप आहे, आठवड्यातून तीनदा अंडी आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. इथे खड्डा कुठला?

वर्गात ज्या इराणी अभ्यासाचा दाखला देतात तोही मला ठाऊक आहे. २०१२ चा आहे, डोस तुमच्याइतकाच, २५,००० युनिट, कालावधीही चार महिने. टीएसएच कमी झाला हे खरं. पण त्या बायका निरोगी होत्या, त्यांना थायरॉईडचा आजार नव्हता आणि त्या गोळी घेत नव्हत्या. 'व्हिटॅमिन ए घेतलं की गोळी सोडता येते' हे त्यातून निघतच नाही.

शिवाय टीएसएच उतरला म्हणजे थायरॉईड सुधारला, हे गृहीतकही तपासून घ्यायला हवं. त्वचेच्या एका प्रकारच्या लिम्फोमावर, म्हणजे एका कर्करोगावर, बेक्झारोटीन नावाचं औषध देतात, ते व्हिटॅमिन ए च्या नात्यातलंच आहे. त्यामुळे रुग्णांचा टीएसएच खाली जातो आणि त्याच वेळी थायरॉईडचं हार्मोनही कमी पडतं. आकडा सुंदर, पेशंट मात्र हायपोथायरॉईड, म्हणजे थायरॉईड कमी पडलेला. तुमच्या कॅप्सूलने असं होतं असं मी म्हणत नाही, ते औषध फार ताकदीचं आहे. पण टीएसएच हा पिट्युटरीने दिलेला निरोप असतो. थायरॉईड ग्रंथीची तब्येत त्या एका आकड्यावरून कळत नाही.

मग तुमचा टीएसएच ५.९ वरून १.१ वर आला कसा? तुम्ही सगळं श्रेय कॅप्सूलला दिलंत. मला तुमच्या पत्रात आणखी दोन संशयित दिसतात, आणि दोन्ही कॅप्सूलपेक्षा भारी आहेत.

पहिला चहा. तुम्ही लिहिता, "आधी गोळी आणि चहा एकदमच व्हायचं, मुलाची शाळेची व्हॅन सात वाजता येते." थायरॉईडची गोळी आतड्यात शोषली जायला रिकामं पोट लागतं. दुधाचा चहा किंवा कॉफी सोबत गेली की तिचं शोषण घटतं. ती साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही खायचं-प्यायचं नाही, असं सांगतात ते याचसाठी. चार महिन्यांपूर्वी तुम्ही उठल्याउठल्याचा चहा सोडला. म्हणजे दीड वर्षात बहुधा पहिल्यांदा ५० मायक्रोग्रॅमची ती गोळी खरोखर नीट शोषली गेली. ज्या गोळीला तुम्ही कुचकामी ठरवलंत, तिला कामाची संधी आत्ता मिळाली असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरा संशयित म्हणजे त्या गमीज. पाठवलेल्या फोटोत मागचं लेबल थोडं दुमडलंय, तरी 'बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम' स्पष्ट वाचता येतं. बायोटिन हे बी गटातलं एक जीवनसत्त्व. दिवसाची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमची. एवढं बायोटिन शरीराला सहसा त्रास देत नाही, पण रक्ततपासणीला देतं. अनेक लॅबमधल्या थायरॉईडच्या चाचण्याच बायोटिनच्या रसायनावर बेतलेल्या असतात. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी४ खोटा जास्त. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आता तुमचा रिपोर्ट पुन्हा बघा : टीएसएच १.१, फ्री टी४ किंचित वर. नेमकं तेच चित्र. त्या दिवशी रक्त द्यायच्या आधी गोळी घेतली असेल तर टी४ त्यानेही थोडा वर दिसू शकतो, कारण गोळीनंतर काही तास तो चढलेला असतो. थोडक्यात, ज्या कागदाच्या भरवशावर तुम्ही गोळी सोडायला निघालात त्या कागदावर माझा भरवसा नाही.

म्हणून पुन्हा तपासणी. गमीज बंद करा. रक्त देण्याआधी निदान तीन दिवसांचा खंड हवा, मी तर आठवडा म्हणेन. लॅब तीच, वेळ सकाळचीच, कारण टीएसएच दिवसभरात वरखाली होतो. गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. टीएसएच आणि फ्री टी४ बरोबर अँटी-टीपीओ अँटीबॉडीची (शरीर स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध बनवतं त्या प्रथिनांची) चाचणी आजवर झाली नसेल तर ती करायची का, हेही डॉक्टरांना विचारा. आणि यकृताची तपासणी करून घ्यावी का, तेही. कॅप्सूलबद्दल त्यांना स्पष्ट सांगा. "रागावतील" म्हणून तुम्ही चार महिने लपवलंत, ते मला समजतं. पण त्यांच्या समोर अर्धीच माहिती असेल तर हा १.१ बघून तेच गोळीचा डोस कमी करून बसतील.

केसांबद्दल लिहिताना मला थोडं वाईट वाटतंय. दीर्घकाळ व्हिटॅमिन ए जास्त झाल्याची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, कोरडी कातडी, फुटलेले ओठ, आणि केस गळणं. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तेच. थायरॉईडच्या पेशंटचे केस लोह कमी असल्यामुळेही गळतात, आणि आपल्याकडे बायकांमध्ये ते कमी असणं नवीन नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) बघितलं नसेल तर गमीजच्या पैशांत ते होऊन जाईल. लोह किंवा कॅल्शियमची गोळी सुरू झालीच, तर ती थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा.

तळहातांच्या पिवळेपणाने घाबरू नका. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ही कावीळ वाटत नाही. गाजरातलं बीटा कॅरोटीन शरीर गरजेपुरतं व्हिटॅमिन ए मध्ये बदलतं; उरलेलं कातडीत, विशेषतः तळहात-तळपायांच्या जाड कातडीत जाऊन बसतं. थायरॉईड मंद असेल तर हे रूपांतरही मंदावतं, म्हणून हायपोथायरॉईडमध्ये हात लवकर पिवळे दिसतात. वर्गात याच मुद्द्यावरून 'तुमचं रूपांतर होत नाही, तेव्हा तयार रेटिनॉलच घ्या' असं सांगतात. अर्धं खरं आहे. रूपांतर मंदावतं, थांबत नाही, आणि गोळीने थायरॉईड ताळ्यावर आला की तेही सुधारतं. शिवाय दूध, तूप आणि अंड्याचा बलक यांतून तयार रेटिनॉल मिळतंच. रस थांबवला की काही आठवड्यांत हात पूर्ववत होतील. गाजर सोडू नका. कोशिंबिरीत घाला, वरून फोडणी द्या, म्हणजे तेलामुळे ते अंगीही लागेल.

पुण्यात राहून व्हिटॅमिन ए साठी बाटली लागावी याचं मला नवल वाटतं. मंडईत एक फेरी मारा : मेथी, पालक, चाकवत, राजगिरा, लाल माठ, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, आणि उन्हाळ्यात आंबे. दुधाच्या पिशवीवर 'एफ' अक्षराशेजारी अधिकचं चिन्ह दिसलं तर त्यात व्हिटॅमिन ए आणि डी मिसळलेलं आहे. काही तेलांच्या पिशव्यांवरही ते असतं. कलेजी खात असाल तर सध्या टाळा, तिच्यात रेटिनॉल प्रचंड असतं. भाज्यांमधल्या कॅरोटीनने गर्भाला तसा धोका नसतो.

ज्या वाचकांना सिलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) आहे, जुनाट जुलाब आहेत, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार आहे, किंवा वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना व्हिटॅमिन ए खरोखर कमी पडू शकतं. संध्याकाळी कमी दिसायला लागणं ही त्याची जुनी खूण. त्यांनी डॉक्टरांकडून तपासून, मोजून घ्यावं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनी तर जोडीला व्हिटॅमिन ए ची कॅप्सूल घेऊच नये, आणि त्या औषधावर असताना गर्भधारणा टाळायलाच हवी.

मीठ मात्र बदला. १.१ च्या आनंदात सैंधवाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आयोडीन न घातलेल्या सैंधवात ते नगण्य असतं, आणि थायरॉईडचं हार्मोन आयोडीनशिवाय बनत नाही. गरोदरपणात ही गरज वाढते. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठ, उपासाला सैंधव, ही घरोघरची वाटणी बरी आहे.

आता आयुष्यभर गोळी. हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही, आणि उत्तर 'हो'च असेल असंही नाही. ८.६ ही सीमारेषेच्या पट्ट्यातली वाढ आहे, आणि अशा काहींचा टीएसएच पुढे आपोआप नॉर्मल होतो. अँटीबॉडी नसतील तर कधीतरी देखरेखीखाली गोळी थांबवून बघण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येईल. पण आत्ता नाही. गोळीवर असलेल्या स्त्रीला बाळ हवं असेल तर टीएसएच आधीच २.५ च्या खाली असावा असा प्रयत्न असतो, कारण सुरुवातीचे तीन महिने बाळाला थायरॉईड हार्मोन आईकडूनच मिळतं. दिवस राहिले की बहुतेकींना डोस वाढवावा लागतो, तेव्हा पाळी चुकताच डॉक्टरांना फोन करायचा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही. अँटीबॉडी निघाल्या तर ती हाशिमोटोची, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे येणारी, थायरॉईडची सूज असण्याची शक्यता जास्त. मग गोळी बहुधा दीर्घकाळ लागेल. ती शरीर बनवत होतं त्याच हार्मोनची भरपाई आहे, त्यात हरल्यासारखं काय आहे?

यजमानांचं 'सगळे प्रयोग बंद' थोडं सरसकट आहे. चहाचा प्रयोग उत्तम होता, तो चालू ठेवा. जाऊबाईंशी वाद घालू नका, त्यांनी आपुलकीनेच सुचवलं होतं. "बाळाचा विचार आहे, डॉक्टरांनी थांबवायला सांगितलंय," एवढं पुरे. मात्र त्या स्वतः अजून ती कॅप्सूल घेत असतील, तर ७,५०० मायक्रोग्रॅमचा हिशेब त्यांनाही दाखवा. आणि उरलेली बाटली त्यांच्याकडे पाठवू नका.

ता. क. मध्ये विचारलंय, कोबी-फ्लॉवर थायरॉईडला वाईट म्हणतात, ते सोडू का. नको. शिजवून, घरात नेहमी होते तेवढी भाजी खुशाल खा. कच्च्या कोबीचे ग्लासभर रस पिण्याचा वर्ग कुणी सुरू केला, तर मात्र नाव घालण्याआधी मला लिहा.